इंजिन बांधल्यानंतर कॅम सेन्सरचा कोड जात नाही. सेन्सर दोनदा बदलून झाला

कृष्णाकाठ (धागाकर्ता), ६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), टायमिंग चेन (पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि कॅम यांना जोडणारी साखळी) आणि फक्त इनटेक कॅमवर व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा). दोष कंपनीचा नाही, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. गाडी १,३८,००० किलोमीटर चालली आहे. मार्चमध्ये रेडिएटरचा पाइप फुटून इंजिन तापले, हेड गॅस्केट गेले आणि हेड उतरवावे लागले. आमच्या कराडच्या गॅरेजने हेड कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि कॅमचे पॉलिशिंग करून आणले. चेन, टेन्शनर आणि गाइड नवे टाकले. सेन्सर आणि वायरिंग जुनेच ठेवले होते.

पूर्वी ही गाडी एका सेल्फला सुरू व्हायची. आता पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, कधी पहिल्या प्रयत्नात सुरू होतच नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो आणि स्कॅनरवर पी०३४० हा कॅम सेन्सरचा कोड येतो. गॅरेजने आधी बाजारातला एक सेन्सर टाकला, मग कंपनीचा मूळ सुटा भाग टाकला. दिवा दोन दिवस विझला आणि पुन्हा लागला. पिकअप कमी झाला आहे, पण नवीन बांधलेले इंजिन म्हणून मी गाडी सांभाळूनच चालवतो आहे. गॅरेजचे म्हणणे आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) गेला असावा असे आहे. ईसीयूचा खर्च ऐकूनच मी हा धागा काढला आहे.

---

सुसाट, ६ जून, रात्री १०:०५

कॅम सेन्सर गेला की हेच होते. बाजारातले निम्मे सेन्सर नकलीच असतात, तेव्हा कंपनीचा म्हणून दिलेलाही नकली असू शकेल. तिसरा घ्या आणि पुढे चला.

---

तेलकट हात, ६ जून, रात्री ११:२०

मी बावीस वर्षे गॅरेज चालवतो आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. तिसरा सेन्सर घेऊ नका आणि ईसीयूला तर हातच लावू नका. गॅरेजमध्ये येण्याआधी जो सेन्सर १,३८,००० किलोमीटर बिनतक्रार चालला, तो नेमका हेड उतरवले त्याच आठवड्यात मरण्याचे कारण काय? असा योगायोग कधीमधी होतो, नाही असे नाही. कपलर ओढताना सेन्सरची मान मोडते हे मी पाहिले आहे. पण बांधणीनंतर आलेल्या दोषाचा पहिला संशय बांधणीत जिथे जिथे हात लागला त्या जागांवर घ्यायचा असतो, आणि सेन्सर तर त्यात जुनाच ठेवला होता.

दुसरे असे की कोड नीट वाचा. पी०३४० हा कोड सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतो, म्हणजे ईसीयूला कॅमकडून विश्वासार्ह सिग्नल मिळत नाही एवढेच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, तीन वायरी आहेत, कपलर आहे, अर्थिंग आहे आणि सेन्सरसमोर फिरणारे दाते आहेत. यांतले काय बिघडले हे कोड सांगत नाही. पी०३४१ आला तर सिग्नल येतो आहे पण त्याचा साचा चुकीचा आहे असे समजावे. पी००१६ आला तर कॅम आणि क्रँक यांची एकमेकांशी जुळणीच पटत नाही, आणि तिथे मात्र वायरीपेक्षा पाना जास्त उपयोगी पडतो. तुमच्या स्कॅनरवर फक्त पी०३४० होता की आणखी काही होते? कोड पुसण्याआधी लिहून ठेवले होते का?

---

कृष्णाकाठ, ७ जून, सकाळी ८:१५

लिहून ठेवले नव्हते, कारण गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी आधी कोड पुसायचे आणि मग गाडी फिरवून पाहायची अशीच पद्धत आहे. आज शेजाऱ्यांकडून ब्लूटूथवाला स्कॅनर आणून पाहिले. पी०३४० नोंदलेला आहे आणि प्रलंबित कोडांत पी०००० नाही, पी०००१ नाही, चक्क पी००१६ आहे. हा दुसरा मला गॅरेजने कधी सांगितलाच नव्हता.

---

मापनवेडा, ७ जून, दुपारी १:३०

प्रलंबित कोड पाहिलात हे फार चांगले केलेत. माझे काम उपकरण अभियांत्रिकीचे आहे, गाड्यांचे नाही, पण तीन वायरींचा सेन्सर कारखान्यात असो की बॉनेटखाली, तपासण्याची रीत एकच.

आधी ईसीयूला कॅम सेन्सर का लागतो ते पाहू, म्हणजे पुढचे आकडे अर्थपूर्ण वाटतील. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पूर्ण व्हायला क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे ७२० अंश, आणि कॅम एकदाच. क्रँक सेन्सरवरून पिस्टन वर आला हे कळते, पण तो कॉम्प्रेशनसाठी वर आला की जळालेला वायू बाहेर ढकलायला, हे कळत नाही. ते कॅम सांगतो. कॅमचा सिग्नल मिळाला नाही तर बरेचसे ईसीयू अंदाज बांधून किंवा दोन-दोन सिलिंडरांना एकदम ठिणगी देऊन गाडी सुरू करतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ म्हणजे तुमचे ते पाच-सहा सेकंद.

तुमचा सेन्सर तीन वायरींचा आहे, तेव्हा तो बहुधा हॉल जातीचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा. त्याच्या पिनांवर ओहम मोजू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, येणारा आकडा निरर्थक असतो. ओहम मोजायचे ते दोन वायरींच्या, गुंडाळी असलेल्या सेन्सरचे. इथे व्होल्ट मोजायचे. कपलर काढा, चावी चालू करा, इंजिन बंदच ठेवा. एका पिनेवर पुरवठा दिसेल, तो गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट असतो. सिग्नलच्या पिनेवर साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत, कारण ते ईसीयूकडून येतात आणि सेन्सर फक्त त्यांना अर्थकडे खाली ओढून सोडत असतो. हे ५ व्होल्ट दिसले तर ईसीयूपासून कपलरपर्यंतची सिग्नल वायर अखंड आहे असे धरायला हरकत नाही.

तिसरी पिन अर्थची, आणि बहुतेक जण इथेच फसतात. मीटरची लाल तार अर्थ पिनेवर आणि काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर धरून, कपलर जोडलेला असताना मागून सुई घालून, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मोजमाप सेल्फ फिरत असतानाच घ्यायचे. चावी नुसती चालू असताना प्रवाह इतका कमी असतो की गंजलेला सांधाही शून्य दाखवतो. सेल्फ फिरताना ०.१ व्होल्टच्या आत आले तर अर्थ ठीक समजा.

---

कृष्णाकाठ, ८ जून, रात्री ८:५०

मुलाला सेल्फवर बसवून सगळे मोजले. पुरवठा बॅटरीएवढा, १२.३ व्होल्ट. सिग्नल पिन ४.९ व्होल्ट. अर्थ, चावी चालू असताना ०.०२ व्होल्ट. आणि सेल्फ फिरताना ०.८ ते १.१ च्या दरम्यान नाचत होता.

---

तेलकट हात, ८ जून, रात्री ९:३०

सापडला एक चोर. मला एक सांगा, इंजिन बांधल्यावर गॅरेजने हेडला आणि टायमिंग कव्हरला चंदेरी रंग मारला आहे का?

---

कृष्णाकाठ, ८ जून, रात्री ९:४५

हो, मारला आहे. अगदी नव्यासारखे दिसते. हे तुम्हाला कसे कळले?

---

तेलकट हात, ८ जून, रात्री १०:२५

कारण मीही तरुणपणी मारायचो, गिऱ्हाईक खूश व्हायचे. काही इंजिनांत कॉइलची आणि वरच्या सेन्सरांची अर्थ वायर एका गोल टोकात आवळून हेडवर एकाच बोल्टखाली कसलेली असते. रंग सुकल्यावर ते टोक रंगावर बसवले की संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून होतो. शिवाय कॉइल त्याच टोकातून प्रवाह ओढतात, म्हणून तो आकडा नाचतो. सेन्सर सिग्नल खाली ओढतो खरा, पण त्याची जमीनच एक व्होल्ट वर उचललेली असल्यामुळे ईसीयूला तो धड खाली आलेला दिसत नाही, आणि कधी दिसतो, कधी नाही.

बोल्ट काढा, टोकाखालची जागा आणि टोक दोन्ही पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, आवळा आणि पुन्हा मोजा. त्याच बैठकीत इंजिनापासून बॉडीकडे जाणारी जाड विणलेली अर्थपट्टी जागेवर आहे का तेही बघा. गिअरबॉक्स उतरवला की ती पट्टी परत लावायला विसरणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि मग सेल्फचा सगळा प्रवाह मिळेल त्या बारीक वायरीतून वाट काढतो.

---

सुसाट, ८ जून, रात्री ११:००

म्हणजे सेन्सर नाही तर वायर. झाले, एकदाचा निकाल लागला.

---

मापनवेडा, ९ जून, सकाळी ७:४०

पी०३४० चा लागला असेल. पी००१६ चा अर्थिंगने लागेल असे मला वाटत नाही. ईसीयूला दोन्ही सिग्नल वाचता येतात तेव्हाच त्यांची जुळणी चुकल्याचे तो म्हणू शकतो. कृष्णाकाठ, अर्थ साफ केल्यावर दोन गोष्टी पाहून ठेवाल का? पहिली, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी बंद, आयडलला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातला) दाब स्कॅनरवर किती दिसतो. दुसरी, इंजिन बंद आणि चावी चालू असताना तोच आकडा किती आहे.

---

कृष्णाकाठ, १० जून, संध्याकाळी ७:१०

अर्थच्या टोकाखाली खरोखरच रंगाचा थर निघाला, नखाने सोलला तर पापुद्र्यासारखा आला. बॉडीकडे जाणारी पट्टी जागेवर होती. घासून आवळल्यावर सेल्फ फिरताना ०.०४ व्होल्ट. गाडी आता दीड-दोन सेकंदांत सुरू होते आणि कालपासून पी०३४० परत आलेला नाही.

पण पी००१६ आता प्रलंबित राहिलेला नाही, तो पक्का नोंदला गेला आणि दिवा लागला. मॅनिफोल्डचा दाब आयडलला ४६ किलोपास्कल, इंजिन बंद असताना ९५.

---

मापनवेडा, १० जून, रात्री ९:००

९५ बरोबर आहे. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब एवढाच असतो, म्हणजे दाबाचा सेन्सर खोटे बोलत नाही. पण आयडलचे ४६ मात्र खूप आहेत. अशा धडधाकट पेट्रोल इंजिनात गरम झाल्यावर ३० ते ४० च्या मध्ये कुठेतरी असायला हवे. इनटेकला कुठे हवा गळत असेल किंवा कॅमचा वेळ चुकला असेल तर निर्वात कमी पडतो. तुमचा पिकअप कमी आहे आणि कोडही जुळणीचाच आहे, म्हणून मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

---

घाटवळण, ११ जून, सकाळी १०:२०

फेसिंगमुळे हेड खाली आले आणि टायमिंग सरकले, असे तर नाही ना? आमच्याकडे एका फिटरने हेच कारण देऊन एकाचे हेड बदलायला लावले होते.

---

मापनवेडा, ११ जून, दुपारी १२:५०

प्रश्न चांगला आहे, कारण तो आकड्यांनी निकालात काढता येतो. हेड खाली आले की चेनची ताणलेली बाजू तेवढी आखूड होते आणि कॅम किंचित मागे राहतो, दिशा अगदी बरोबर आहे. पण किती? फेसिंगमध्ये ०.२ मिलिमीटर काढले आणि कॅम गिअरची त्रिज्या ४६ मिलिमीटर धरली, तर ०.२ भागिले ४६, म्हणजे कॅमवर पाव अंश आणि क्रँकच्या हिशेबाने अर्धा अंश. एवढ्यासाठी ईसीयू दिवा लावणार नाही. ज्या फिटरने त्या कारणावरून हेड बदलायला लावले त्याला बाकीची चूक झाकायची असावी.

आता चेनचा एक दात चुकला तर काय होते ते पाहा. क्रँकवर १८ दात आणि कॅमवर ३६ असतील, तर एका दाताला कॅमवर १० आणि क्रँकवर २० अंश. तेव्हा चूक मोजली आणि ती २० च्या पटीत आली तर चेन, २० च्या पटीत नसेल तर दुसरेच काहीतरी. मोजायला दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप लागेल. लॅपटॉपला जोडायचा साधा यूएसबीचाही चालतो. एका चॅनलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम. मात्र तुलनेसाठी अशाच धडधाकट गाडीची आकृती हवी, त्याशिवाय बरोबर काय आणि चूक काय हे कळणार नाही.

---

सागरी महामार्ग, ११ जून, रात्री ८:००

इंजिनाच्या वर्णनावरून गाडी ओळखली. माझ्याकडे तीच आहे, इंजिन कधी उघडलेले नाही आणि रत्नागिरीत मॅनिफोल्डचा दाब आयडलला ३२ दिसतो. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याच्याकडे ऑसिलोस्कोप आहे. रविवारी आकृती काढून चढवतो.

---

लोणचंवाला ह्यूस्टनकर, १२ जून, सकाळी ६:३०

इंजिन बांधण्याऐवजी बदलणाऱ्यांसाठी एक अनुभव लिहून ठेवतो. इथे जुन्या पिकअप ट्रकमध्ये मी जीएमचे (जनरल मोटर्सचे) एलएस मालिकेतले इंजिन बसवले. वायरिंग आणि ईसीयू आधीच्या पिढीचे, इंजिन पुढच्या पिढीचे. आधीच्या पिढीत क्रँकवर २४ दात्यांचे चाक, कॅमचा सेन्सर ब्लॉकच्या मागच्या बाजूला वर, आणि कॅमच्या एका फेऱ्यात सिग्नलचा एकच ठोका. पुढच्या पिढीत क्रँकवर ५८ दाते, कॅमचा सेन्सर पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये, आणि कॅम गिअरवर चार ठोके. कपलर अडॅप्टरने जोडता येतात, म्हणून मला वाटले सगळे जुळले. इंजिन फिरायचे, ठिणगी मात्र नाही. दोन सेन्सर मीही बदलले होते. शेवटी दाते मोजले तेव्हा प्रकाश पडला. ज्यांना इंजिन बदलायचे आहे त्यांनी ते खाली जमिनीवर असतानाच दोन्ही चाकांचे दाते मोजून घ्यावेत. कृष्णाकाठ यांचे इंजिन तेच आहे, तेव्हा त्यांना हे लागू नाही.

---

सागरी महामार्ग, १५ जून, दुपारी ४:१५

आकृती चढवली आहे. भाच्याने मोजून दिलेले असे: क्रँकच्या चाकावर ६० पैकी २ दाते मुद्दाम गाळलेले आहेत, म्हणून प्रत्येक फेऱ्यात ५८ ठोके आणि एक रिकामी जागा दिसते. एक दात म्हणजे ६ अंश. आयडलला, व्हीव्हीटी स्वस्थ असताना, रिकाम्या जागेनंतर बरोबर विसाव्या दाताशी कॅमचा सिग्नल खाली येतो. दहा वेळा पाहिले, दहाही वेळा तिथेच.

---

कृष्णाकाठ, १७ जून, रात्री १०:००

साताऱ्याहून एका स्नेह्यांचा ऑसिलोस्कोप आणला. माझ्या गाडीत कॅमचा सिग्नल बाविसावा दात ओलांडून जेमतेम पुढे गेल्यावर खाली येतो. सिग्नल स्वच्छ आहे, वरचे टोक ५ आणि खालचे जवळजवळ शून्य, एकही ठोका गळत नाही. सध्या लावला आहे तो दोनांपैकी पहिला, बाजारातला सेन्सर, म्हणजे सुसाट यांना ज्याचा संशय होता तोच.

---

मापनवेडा, १७ जून, रात्री १०:४०

दोन दाते आणि वर थोडे, म्हणजे सुमारे १३ अंश उशीर. तो २० नाही. चेनचा दात चुकलेला नाही असे मी छातीठोकपणे म्हणेन. कॅम गिअरच्या तुलनेत साडेसहा अंश मागे आहे, किंवा कॅमवरचे सेन्सरचे दाते कॅमच्या तुलनेत सरकले आहेत. मॅनिफोल्डचा दाब पाहता मला पहिले खरे वाटते, कारण नुसते सेन्सरचे दाते सरकले तर इंजिनाला त्याची खबरही नसती आणि निर्वात कमी पडला नसता. तेलकट हात यांनी पुढे सांगावे, पाना माझा विषय नाही.

---

तेलकट हात, १८ जून, सकाळी ७:००

टायमिंग कव्हर उघडण्याआधी खात्री करून घेऊ, कारण ते उघडायचे म्हणजे ऑइल पॅनपर्यंत काम जाते. टॅपेट कव्हर काढा. स्पार्क प्लग चारही काढा म्हणजे इंजिन हाताने हलके फिरेल. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटे नाही, आणि पहिला पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणा. आता गिअरवरच्या खुणा बघा. चेनच्या रंगीत कड्या जुळल्या नाहीत तर घाबरू नका, त्या फक्त जोडणीच्या वेळेसाठी असतात आणि इंजिन फिरल्यावर पुन्हा एकत्र यायला कित्येक फेरे लागतात. गिअरवरच्या कोरलेल्या खुणा मात्र दर दोन फेऱ्यांनी जुळल्याच पाहिजेत.

मग कॅमचे मागचे टोक बघा. तिथे आडवी खाच असते आणि या स्थितीत ती हेडच्या वरच्या पृष्ठभागाशी समांतर हवी. खाचेत स्टीलची पट्टी घट्ट बसवा. पट्टीचे टोक हेडच्या पृष्ठभागापासून किती वर-खाली जाते ते मोजा. मापनवेडा यांचा हिशेब खरा असेल तर १०० मिलिमीटरवर ११ मिलिमीटरांचा फरक दिसेल.

---

कृष्णाकाठ, २१ जून, संध्याकाळी ६:२०

गॅरेजच्या मालकांना सगळा धागा वाचून दाखवला. आधी ते नाराज झाले, पण आकृती पाहिल्यावर स्वतःच टॅपेट कव्हर उघडले. गिअरवरच्या खुणा केसभरही हललेल्या नव्हत्या, आणि ते मला म्हणाले, "बघा साहेब, टायमिंग चोख आहे." मग आम्ही एक्झॉस्ट कॅमच्या खाचेत पट्टी बसवली, ती हेडवर सपाट बसली. तीच पट्टी इनटेक कॅमच्या खाचेत बसवली तर तिरकी राहिली. १०० मिलिमीटरवर ११, माझ्या वहीत लिहिले आहे. मालक बराच वेळ त्या पट्टीकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, खुणा गिअरवर आहेत, कॅमवर नाहीत.

उद्या कव्हर उघडणार आहेत, मजुरी घेणार नाहीत.

---

तेलकट हात, २१ जून, रात्री ९:१०

माणूस सरळ आहे तुमचा. उघडल्यावर व्हीव्हीटीचा गिअर कॅमवरून काढायला सांगा आणि कॅमच्या तोंडावरची लोकेटिंग पिन बघा. तीच गिअरची जागा ठरवते. एकतर ती तुटली आहे किंवा तिथे नाहीच. मधला बोल्ट ढिला करताना किंवा कसताना कॅमच्या षट्कोनाला पाना लावून धरायचे. चेनवर किंवा पिनेवर जोर येता कामा नये.

---

कृष्णाकाठ, २३ जून, रात्री ९:३०

पिन नव्हतीच. कॅमच्या तोंडावर मधल्या बोल्टच्या बाजूला तिचे भोक रिकामे होते, काळ्या तेलाने भरलेले, त्यामुळे नीट पुसल्याशिवाय ते भोक आहे हेही कळत नव्हते. गिअर केवळ बोल्टच्या दाबावर, अंदाजाने बसवलेला होता आणि तीन महिने तसाच चालला.

आता पिन कुठे गेली याचा शोध सुरू झाला. गॅरेजने काम झाल्यावर जुने भाग मला एका खोक्यात दिले होते, जुनी चेन, गाइड, व्हॉल्व्ह सील वगैरे. ते खोके तेव्हापासून माझ्या डिकीत पडून होते. त्याच्या तळाशी जुन्या सीलांबरोबर प्लास्टिकची एक छोटी पिशवी सापडली आणि तिच्यात ती पिन होती, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. कोल्हापूरच्या लेथवाल्याने कॅम पॉलिश करताना ती काढून पिशवीत घालून, हेडबरोबर नीट परत पाठवली होती. इथे फिटरने ती पिशवी जुन्या सामानाची समजून खोक्यात टाकली.

मालकांनी फिटरला बोलावून पिन त्याच्या तळहातावर ठेवली. तो पोरगा काही बोलला नाही, नुसता कान पकडून हसला.

---

घाटवळण, २३ जून, रात्री १०:१५

बोल्टच्या नुसत्या दाबावर तीन महिने! गिअर आणखी सरकला असता तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडले असते का?

---

तेलकट हात, २३ जून, रात्री ११:००

ते इंजिनावर अवलंबून आहे. काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामध्ये कितीही सरकले तरी जागा राहते, काहींत राहत नाही. यांचा कॅम उशिरा होता, म्हणजे इनटेकचा व्हॉल्व्ह पिस्टनच्या मागून उघडत होता आणि कॉम्प्रेशन सुरू झाल्यावरही थोडा उघडा राहत होता. तो जास्त उशिरा गेला असता तर वर येणारा पिस्टन त्याला गाठू शकला असता. म्हणून पी००१६ पक्का नोंदला गेला की मी गिऱ्हाइकाला गाडी चालवू देत नाही, टोइंग करून आणायला सांगतो. हे मी तुम्हाला १० तारखेलाच लिहायला हवे होते, राहून गेले.

जुनी पिन बसवताना तिच्यावर ओरखडा नाही ना ते पाहा. मधला बोल्ट मात्र नवा टाका, तो बऱ्याच इंजिनांत ताणला जाणारा, एकदाच वापरायचा असतो. आणि कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळा.

---

कृष्णाकाठ, २९ जून, रात्री ८:४०

पिन जागेवर, बोल्ट नवा, खाचेतली पट्टी दोन्ही कॅमवर सपाट. कव्हर बंद करण्याआधी क्रँक हाताने चार फेरे फिरवून पुन्हा पाहिले. कव्हरला रंग मारला नाही.

कॅमचा सिग्नल विसाव्या दाताशी खाली येतो. मॅनिफोल्डचा दाब आयडलला ३४. कॉम्प्रेशन आधी चारही सिलिंडरांत १५० पीएसआयच्या आसपास होते, आता १७० च्या वर आहे. कराड ते महाबळेश्वर जाऊन आलो, पसरणी घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. कोड एकही नाही, प्रलंबितही नाही.

---

सुसाट, २९ जून, रात्री ९:०५

अभिनंदन. पण आता लावलेला सेन्सर कोणता आहे?

---

कृष्णाकाठ, २९ जून, रात्री ९:२०

गाडीबरोबर आलेला, १,३८,००० किलोमीटर चाललेला जुना. नवे दोन्ही त्याच खोक्यात डिकीत ठेवले आहेत. सागरी महामार्ग, तुमच्या भाच्याला एखादा प्रयोगाला हवा असेल तर कळवा.